पोचल्याची साखर

"दुसऱ्याचे देव घरात आणू नकोस," आई फोनवर म्हणाली होती. "देवांचं काय, चमचाभर दूध-साखर दाखवली की झालं. पण त्यांच्यामागून त्यांच्या माणसांची काळजी येते, ती गळ्यात पडते. आणि एका देव्हाऱ्यात दोन अन्नपूर्णा? एकीला दुसरीचं बघवत नाही, अनघा."

मी हसले होते. म्हटलं, आई, पितळेच्या मूर्ती त्या, त्यांना कसला हेवा. तिकडे साताऱ्याहून ती माझ्या लेकीचा, आर्याचा खोकला कसा आहे ते विचारायला लागली. विषय तिथेच राहिला.

देव वल्लरीचे होते. वल्लरी, तिचा नवरा तन्मय आणि साडेपाच वर्षांचा वरुण अकरा महिन्यांसाठी ऑस्ट्रेलियाला निघाले होते. राहायला नव्हे, फिरायला. गाडीच्या मागे जोडायचं चाकांवरचं घर, म्हणजे कॅरॅव्हॅन, त्यांनी पर्थमधल्या एका म्हाताऱ्या जोडप्याकडून विकत घेतली होती. पर्थहून निघायचं, समुद्र डावीकडे ठेवून सगळ्या खंडाला वळसा घालायचा आणि परत पर्थला यायचं. वरुण पहिलीत जायच्या आत एकदाच काय ते करून घेऊ, असं ती सगळ्यांना सांगत होती. सिंगापुरातला, पासिर रिसचा त्यांचा फ्लॅट भाड्याने दिला होता. प्रश्न फक्त देवांचा होता. घर बंद करताना देव तांदळाच्या डब्यात ठेवतात, पण ते आठ-पंधरा दिवसांसाठी. अकरा महिने देव उपाशी ठेवायचे नाहीत आणि धक्के खाणाऱ्या गाडीतून न्यायचेही नाहीत, असं तिच्या पुण्याच्या सासूबाईंनी बजावलं होतं. म्हणून ते आमच्याकडे, तोआ पायोहला आले.

आता जे सांगायचं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळेल. ते फिरायचं स्वप्न माझं होतं.

दोन वर्षांपूर्वी पासिर रिस पार्कात आम्ही दोघी एका बाकावर बसलो होतो. मुलं वाळूत खेळत होती. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आमची ओळख झाली होती आणि आर्या-वरुणचं एकमेकांवाचून पान हलत नसे, म्हणून दर शनिवारी कधी ती आमच्याकडे, कधी आम्ही तिकडे. त्या दिवशी मी तिला माझी वही दाखवली. कॉलेजात भूगोल शिकताना सुरू केलेली वही. त्यात ऑस्ट्रेलियाचा हाताने काढलेला नकाशा होता, कोणत्या महिन्यात कुठे असायचं ते लिहिलं होतं, कुठे पाऊस नडतो, कुठे रस्ता कच्चा आहे, पाण्याचे कॅन किती लागतात, सगळं. गाडीचं नावसुद्धा ठरलेलं होतं: बिऱ्हाड. विंचवासारखं पाठीवर घेऊन फिरायचं, म्हणून. वल्लरीने वही चाळली, दोन पानांचे फोटो काढले आणि म्हणाली, "अगं, तू काय काय करून ठेवतेस."

करून ठेवते, खरं आहे. करत नाही. माझ्या नवऱ्याने, संजीवने नोकरी सोडली तर त्याचा इथे राहायचा पास रद्द होतो, त्याच्याबरोबर माझा आणि आर्याचा, आणि महिन्याभरात सामान बांधून सातारा गाठायचं. वल्लरीचं तसं नाही. ते दोघं पी.आर., म्हणजे इथले कायमचे रहिवासी आहेत, तन्मय बँकेत होता, परत आला की दुसरी बँक. पण पास हे निम्मं कारण झालं. उरलेलं निम्मं मी आहे. चौदाव्या मजल्यावरच्या खिडक्यांची कुलपं मी दिवसातून तीनदा बघते. पर्समध्ये थर्मामीटर असतो. बसमध्ये आर्याने खांबाला हात लावला तर घरी येईपर्यंत माझं लक्ष त्या हातावर असतं. अशी बाई मुलीला घेऊन वाळवंटात जाणार नाही हे संजीवला माहीत होतं, म्हणूनच तो माझ्या वहीचं कौतुक अगदी मोकळ्या मनाने करायचा.

वल्लरीने जायचं ठरवल्याचं मला मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं. मला वेगळं सांगितलं नव्हतं. मी खाली अंगठा आणि तीन हृदयं टाकली. मग तांदूळ धुतले, कुकर लावला, शिट्टी काही होईना, आणि तेव्हा कुठे आपण पाणी घातलंच नाही हे लक्षात आलं.

निघण्याच्या आधीच्या रविवारी आम्ही पासिर रिसला गेलो. मी तिच्यासाठी भाजणी करून नेली होती. लिटिल इंडियातून डाळी आणून, धुऊन, वाळवून, प्रत्येक धान्य वेगळं भाजून. भाजताना माझं मन साफ होतं असं म्हणणार नाही, पण भाजणी चांगली झाली होती. तिच्या हॉलमध्ये फक्त चार बॅगा आणि भिंतीवर देव्हाऱ्याचा काढलेला चौकोन होता. तिने स्टीलच्या डब्यातून देव दाखवले: बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खंडोबाचा टाक. लाल कापडात गुंडाळून तांदळावर निजवलेले. डबा माझ्या हातात देताना तिचे डोळे भरून आले आणि मला तिच्याबद्दल खरंच माया वाटली. ती मिनिटभर टिकली.

कारण मग तिने कागद काढला. तिथे मैलोन्मैल फोनला रेंज नसते. म्हणून निघताना आपण कुठून कुठे जातोय, किती वाजेपर्यंत पोचू, ते कुणाला तरी कळवून ठेवायचं. पोचलं की मेसेज करायचा. ठरल्या वेळेपर्यंत मेसेज आला नाही तर त्या माणसाने दिलेल्या नंबरवर फोन करून शोध घ्यायला सांगायचं. असा माणूस म्हणून तिने माझं नाव लिहिलं होतं.

मी विचारलं, सॅटेलाइट फोन नाही का घेतला?

"आमचा सॅटेलाइट फोन तोआ पायोहला राहतो," तन्मय म्हणाला. "बॅटरी संपत नाही, रात्री-बेरात्री चालू, आणि स्वतःहून फोन करून विचारतो की मुलाला टोपी घातली का."

सगळे हसले. संजीव जरा जास्तच. वल्लरी माझा हात धरून म्हणाली, "हसू नका रे. तिच्याइतकी काळजी दुसरं कोणी करणार नाही, म्हणूनच तिला सांगितलंय."

येताना एमआरटीच्या मेट्रोत डबा मांडीवर धरून मी बसले होते. आर्या पेंगत होती. माझ्या मनात एकच वाक्य फिरत होतं. फिरायला ती आणि काळजीला मी.

तरी सुरुवातीचे दोन महिने मी ते काम चोख केलं. आमच्या देव्हाऱ्यात जागा अगदी थोडी. माझी अन्नपूर्णा डावीकडे सरकवून तिची उजवीकडे ठेवली. सकाळी दोन्हीकडे फूल, दोन्हीकडे दूध-साखर. आणि मी एक पद्धत पाडली. वल्लरीचा "पोचलो" असा मेसेज आला की तिच्या अन्नपूर्णेपुढे वाटीत साखर ठेवायची आणि मग ती आर्याच्या हातावर द्यायची. "वरुण पोचला," असं म्हणून. ते दर एक-दोन दिवसांनी मुक्काम हलवायचे, त्यामुळे साखर बऱ्याचदा मिळे. आर्याला एरवी मी साखर देत नाही, तेव्हा तिला या प्रवासात भलताच रस वाटायला लागला. बालवाडीतून आल्या आल्या विचारायची, "वरुण रीच ऑलरेडी?"

पर्थचं आणि आमचं घड्याळ एकच आहे. त्या सबंध पश्चिम किनाऱ्याचं. म्हणजे मी डब्याच्या पोळ्या लाटत असताना वल्लरी त्याच मिनिटाला समुद्राकडे तोंड करून चहा पीत असायची. वेळ वेगळी असती तर निदान झोपेत तरी सुटका झाली असती.

फोटो यायचे. वरुण अनवाणी, गुडघे फुटलेले, हातात पालीसारखं काहीतरी. वल्लरी उन्हाने काळवंडलेली, केस कापलेले, पाच वर्षांनी तरुण. एक फोटो नुसत्या रस्त्याचा होता, तांबड्या मातीचा, सरळ, शेवटी काही नाही. तो मी किती वेळा उघडून पाहिला सांगता येणार नाही. मला त्यांच्या भांडणांचाही हेवा वाटायचा. एकदा तिने लिहिलं, कॅरॅव्हॅन मागे घेताना तन्मयने झाडाला ठोकली आणि आम्ही दोन तास एकमेकांशी बोललो नाही. मी मनात म्हटलं, बघा, यांच्याकडे अबोलासुद्धा दोन तासांचा. आमच्याकडे अबोला धरायला दुसरी खोलीच नाही.

मी संजीवला काही बोलले नाही. फक्त तिच्या फोटोत काय चुकलंय ते दाखवत राहिले. हेल्मेट नाही. पाण्याच्या इतक्या जवळ. तिथे मगरी असतात, तुला माहीत आहे ना? तो म्हणायचा, "तू जरा कमी बघ." त्यात त्याचं काही चुकलं असं नाही, पण ते मी पुढे असं काही मनावर घेतलं की बस.

मे महिन्यातला सोमवार. ते उत्तरेला, किंबर्ली नावाच्या भागात पोचले होते. माझ्या वहीत त्या भागाची चार पानं आहेत, कारण पक्का रस्ता तिथेच सोडावा लागतो. संध्याकाळी मी आर्याला खाली झोपाळ्यावर घेऊन गेले होते. मंडळाच्या ग्रुपवर वल्लरीचा फोटो आला. कॅरॅव्हॅनच्या दारापाशी ती कमरेवर हात ठेवून उभी. दारावर पांढऱ्या रंगात, ठसठशीत देवनागरीत लिहिलेलं: बिऱ्हाड. आणि खाली तिचे शब्द: "लहानपणापासूनचं माझं स्वप्न. शेवटी विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर घेतलंच."

पाच मिनिटांत चाळीस हृदयं. शुभदाकाकूंनी, म्हणजे मंडळातल्या सगळ्यांत ज्येष्ठ बाईंनी, लिहिलं, "नाव किती सुंदर सुचलंय गं तुला." त्यावर वल्लरीने हात जोडलेला हसरा चेहरा टाकला.

मी वाट पाहिली. वाटलं, आता लिहील, नाव अनघाने सुचवलं. एवढंच. माझं नाव न घेता "एका मैत्रिणीने" लिहिलं असतं तरी मी त्यावर वर्ष काढलं असतं. आर्या झोपाळ्यावरून "पुश, मम्मा, पुश" म्हणत होती. मी एका हाताने झोका देत राहिले आणि दुसऱ्या हाताने वल्लरीचं चॅट दाबून धरलं आणि अर्काइव्ह केलं. मंडळाचा ग्रुपही. आता तिचे मेसेज आले तरी यादीत वर येणार नव्हते. मी काही पुसलं नाही, तिला ब्लॉक केलं नाही. दोन दिवस, असं स्वतःला म्हटलं. ते पक्का रस्ता कधी सोडणार आहेत याचा विचार माझ्या मनात आला का? आला. मी तो बाजूला सारला.

आणि ते दिवस छान गेले, हेही लिहायला हवं. मंगळवारी मी कपाट आवरलं. बुधवारी आर्याच्या बालवाडीतल्या एका आईबरोबर कॉफी प्यायले आणि तासभर माझ्या बोलण्यात ऑस्ट्रेलिया आला नाही. देवांना दूध-साखर दाखवत होते, दोन्हीकडे, पण तिच्या अन्नपूर्णेकडे न बघता.

गुरुवारी चार वाजता मी आर्याला घेऊन घरी आले. तिने बूट काढले, हात धुतले, देव्हाऱ्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तळवा पुढे केला.

"हाऊ कम सो लाँग नो शुगर?" ती म्हणाली. "वरुण स्टिल नॉट रीच आह?"

मी म्हटलं, पोचला असेल.

"यू नेव्हर चेक, मम्मा?"

मी फोन उघडला. अर्काइव्हमध्ये तिच्या नावापुढे एक आकडा होता. मंगळवारी संध्याकाळी तिने तीन मेसेज पाठवले होते. पहिला: उद्या सकाळी आठला निघतोय, मोठा रस्ता सोडून साठ किलोमीटर आत एक गुरांचं फार्म आहे, तिथल्या कॅम्पवर मुक्काम, दुपारी तीन-चारपर्यंत पोचू, तिथे वायफाय आहे. दुसरा: सहापर्यंत मेसेज आला नाही तर या नंबरवर फोन कर. तिसरा: "अनघा, कालपासून तुझा आवाज नाही. बरी आहेस ना?"

त्यानंतर काहीच नव्हतं. बुधवारचे सहा वाजून गेल्याला बावीस तास झाले होते.

तिचा फोन लागला नाही. तन्मयचाही. मी त्या कॅम्पच्या नंबरवर फोन केला. एका बाईने उचलला. बुकिंग होतं, ती म्हणाली, पण आले नाहीत, लोक वाटेत बेत बदलतात म्हणून आम्ही काही केलं नाही. मग तिने विचारलं, किती वाजता पोचायचे होते? मी सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे काल? मी हो म्हटलं. तुम्ही कालच का नाही कळवलं, असं तिने विचारलं नाही. बरोबर कोणी मूल आहे का, एवढंच विचारलं आणि फोन ठेवून माणसं पाठवायला गेली.

संजीवला फोन केला. तो म्हणाला, "तू पाहिलं नाहीस? तू?" तो रागावला नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. रेल्वेच्या घड्याळाने वेळ चुकवावी तसं.

त्या दोन तासांबद्दल काय सांगू. आर्याला मी भात दिला, तिने अर्धा सांडला, मी पुसला. एकदा देव्हाऱ्यासमोर बसले, पण हात जोडवेनात. दोन्ही अन्नपूर्णा पळी धरून समोर बघत होत्या. मी कुणाजवळ काय मागणार होते?

साडेसहाला त्या बाईचा फोन आला. सापडले.

काय झालं होतं ते मला पुढच्या दोन दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी कळलं. फार्मकडे जाणाऱ्या वाटेवर एका कोरड्या ओढ्याच्या पात्रात कॅरॅव्हॅनचं चाक धुऱ्यासकट निखळलं होतं आणि गाडी तिच्या ओझ्याने वाळूत रुतली होती. बुधवारी दुपारी दोन वाजता. पाणी होतं, खायला होतं, माझी भाजणी होती. ते घाबरले नाहीत. वल्लरीने वरुणला सांगितलं, सहा वाजता अनघामावशी फोन करेल, रात्री नाहीतर सकाळी कोणीतरी येईल, आपण गाडी सोडायची नाही. हा तिथला पहिला नियम आहे, गाडी सोडून चालत निघायचं नाही. माझ्या वहीतही तो लाल पेनने लिहिलेला आहे.

रात्री कोणी आलं नाही. सकाळी दहापर्यंत कोणी आलं नाही. वरुणला पहाटेपासून उलट्या सुरू झाल्या होत्या. तेव्हा तन्मयला वाटलं, अनघाचा फोन लागला नसणार, नंबरच चुकला असणार. ती विसरेल हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. तो दोन बाटल्या घेऊन फार्मच्या दिशेने चालत निघाला. तिथला हिवाळा म्हणजे दुपारी पस्तीस अंश. माणसं त्याला अकराव्या किलोमीटरवर भेटली. एका झुडपाच्या सावलीत बसला होता आणि इंग्रजीत विचारलं तर मराठीत उत्तरं देत होता. तीन दिवस दवाखान्यात होता. किडनीवर ताण आला होता, तो उतरला. वरुण दुसऱ्याच दिवशी जेली मागायला लागला.

शुक्रवारी दुपारी वल्लरीचा फोन आला. मी स्वयंपाकघरात उभी होते. तिचा आवाज बसला होता. तन्मय झोपलाय, असं ती म्हणाली, आणि मग बोलतच सुटली. मी तुझं नाव जपत होते, म्हणाली. वरुण दर तासाला विचारायचा, मावशीने फोन केला असेल ना? मी सांगायचे, तिने कधीच केला असेल, ही माणसंच यायला उशीर करतायत.

"त्यांना तू झापलंस ना?" ती म्हणाली. "चोवीस तास लागतात का साठ किलोमीटर यायला?"

इथे मला गप्प बसता आलं असतं. त्या कॅम्पवाल्या बाईचं नाव पुढे करून मोकळं होता आलं असतं. मंडळात तर एव्हाना पसरलं होतं की अनघाने फोन केला म्हणून तिघं वाचली. शुभदाकाकूंनी मला "जागरूक" म्हटलं होतं. ते वाचताना एका क्षणी मला बरंही वाटलं होतं. आता चाळीस हृदयं माझ्या नावापुढे होती.

मी म्हटलं, "ते एका तासात निघाले, वल्लरी. मीच गुरुवारी चारला फोन केला."

"काल चारला?"

"हो. तुझं चॅट मी सोमवारी अर्काइव्ह केलं होतं. मेसेज पाहिलेच नाहीत."

"बरी नव्हतीस का?"

"बरी होते. तुझे फोटो बघवेनात म्हणून. बिऱ्हाड बघवेना."

मागे दवाखान्यातली कसली तरी ट्रॉली गेल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "ते नाव तुझं होतं, नाही का." विचारत नव्हती. जणू एखादी वस्तू सामानात सापडावी तसं म्हणाली. आणि नंतर, सावकाश: "अनघा, तो अकरा किलोमीटर चालला गं." आणि फोन ठेवला.

पुढचे नऊ दिवस तिच्याकडून काही आलं नाही. मी रोज तिला एक मेसेज करत होते, तो तिने वाचल्याच्या दोन निळ्या खुणा यायच्या, तेवढंच. आईला मी सगळं सांगितलं. ती मी-म्हटलं-नव्हतं-का असं म्हणाली नाही. म्हणाली, दोन्ही अन्नपूर्णा आता तशाच राहू देत, हलवू नकोस. त्यातली एक काढलीस तर तुला वाटेल फिटलं सगळं.

दहाव्या दिवशी सकाळी मेसेज आला. नेहमीसारखाच: कुठून, कुठे, किती वाजता, कोणता नंबर. कॅरॅव्हॅन दुरुस्त झाली होती, तन्मयने परत जायला साफ नकार दिला होता, ते पुढे निघाले होते. एवढं वाचून माझा ऊर भरून आला. आणि मग मी शेवटची ओळ वाचली. हाच मेसेज शुभदाकाकूंनाही पाठवला आहे, असं लिहिलं होतं.

अगदी बरोबर केलं तिने. मी तिच्या जागी असते तर माझं नाव यादीत ठेवलंच नसतं. तरी खरं सांगते, त्या क्षणी मला शुभदाकाकूंचा हेवा वाटला. त्यांना काय माहीत ओढ्याचं पात्र कसं असतं? त्यांनी उभ्या आयुष्यात इथल्या सेंतोसा बेटाच्या पलीकडे गाडी नेलेली नाही. हा स्वभाव. एवढं होऊनही तो जागचा हलला नाही, फक्त त्याने माणूस बदलला. म्हणून आता मी त्याच्यावर विसंबत नाही.

त्या संध्याकाळी पावणेसहाला "पोचलो" आलं. माझ्या आधी शुभदाकाकूंनी अंगठा टाकला होता. मी वाटीत साखर ठेवली, आर्याच्या हातावर दिली. तिने ती चाटली आणि म्हणाली, "मोअर फार, मोअर शुगर, कॅन?" मी म्हटलं, कॅन.

मंडळाच्या अंकासाठी लिहा, अनुभव लिहा, असं मला सांगितलं तेव्हा त्यांना बहुतेक "जागरूक" अनघाचा अनुभव हवा होता. हा आहे तो. हे तुमच्या हातात पडेल तेव्हा वल्लरी, तन्मय आणि वरुण डार्विन मागे टाकून मधल्या वाळवंटाकडे वळलेले असतील. तिथे गावं विरळ आहेत आणि घड्याळ आपल्यापुढे दीड तास आहे, म्हणजे आपले साडेचार वाजतात तेव्हा त्यांचे सहा वाजलेले असतात. तिचा नंबर बदललेला नाही, मंडळाच्या यादीत आहे. मी लक्ष ठेवून आहे, शुभदाकाकू आहेत. पण ज्या दिवशी ती एखादा फारच सुंदर फोटो टाकेल, त्या दिवशी माझ्या भरवशावर राहू नका. अंगठा टाकलात तरी चालेल, हृदय टाकलंत तरी चालेल, पण त्याच्याखाली एवढं विचारा तिला: पोचलीस का? आणि उत्तर येईपर्यंत फोन खाली ठेवू नका.